टोपी उन्हासाठी होती!

सांगतो, पण एक अट आहे. माझं पूर्ण होईपर्यंत कुणी हसायचं नाही. नंतर हसा, लोळा, काय करायचं ते करा. कारण त्या दिवशी मी जेवढा घाबरलो ना, तेवढा बारावीच्या निकालाला घाबरलो नव्हतो, इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांत मिळून घाबरलो नव्हतो, आणि कॉलेज सोडलं हे सांगायला पप्पांसमोर उभा राहिलो तेव्हाही घाबरलो नव्हतो. तेव्हा पप्पाच घाबरले होते. सोसायटीत काय सांगायचं म्हणून.

तर झालं असं, की मी माझ्या ताईचं लग्न ठरवलं. वॉटर पार्कमध्ये, भर दुपारी, तिला न विचारता. आणि मला स्वतःलाही न कळता!

हां, आता कसं लक्ष आलं तुमचं.

आम्ही इंदिरानगरात राहतो. आई, पप्पा, ताई आणि मी. ताई सव्वीस वर्षांची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दिवसभर ती लोकांना सुया टोचते आणि संध्याकाळी घरी आली की आई-पप्पा तिला टोचतात. "जोशीकाकूंची मुलगी गेली. समोरच्यांची धाकटी पण गेली." गेली म्हणजे लग्न होऊन गेली. परक्या माणसाला वाटेल आमच्या सोसायटीत साथ आली आहे.

मार्चमध्ये मनमाडचं एक स्थळ आलं. मुलगा निखिल, इथेच सातपूरला कंपनीत. वडील तात्या, रेल्वेतून रिटायर झालेले, जन्मभर रुळांवर मुकादमकी केलेली. पोह्यांचा कार्यक्रम झाला. त्यात ताई आणि निखिल गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी उभं राहून मोजून चार मिनिटं बोलले. त्या चार मिनिटांत आईने गॅलरीची खिडकी तीनदा पुसली. एरवी ती खिडकी दिवाळीला पुसली जाते. आत पप्पांनी तात्यांना माझी ओळख 'आमचा इंजिनिअर' अशी करून दिली.

पाहुणे गेले आणि पप्पा म्हणाले, "चांगली माणसं आहेत. हो म्हणून टाकू."

मी म्हटलं, "ताईला विचारलंत का?"

पप्पांना तहान लागली. अडचणीचा प्रश्न विचारला की आमच्या पप्पांना तहान लागते. पाणी पिऊन होईपर्यंत समोरचा माणूस प्रश्न विसरेल, अशी त्यांची आशा असते. मी विसरत नाही.

"तिला विचारायचं काय त्यात?" आई म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं?"

"म्हणूनच तर सांगतोय!"

त्यावर मला चप्पल दाखवण्यात आली. पण मी पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं. सकाळी दात घासताना, दुपारी जेवताना, टीव्हीवर जाहिरात लागली की, प्रत्येक वेळी एकच. "मुलीला न विचारता लग्न ठरवता? लाज वाटत नाही?" मोठ्या माणसांचं कसं असतं, साधी भेंडी घ्यायची तर टोक मोडून बघतात, आणि जन्माचा जोडीदार चार मिनिटांत, तोही खिडकीच्या काचेतून.

शेवटी ताईनेच तोंड उघडलं. "मला त्याच्याशी एक अख्खा दिवस बोलायचंय. मग मी काय ते सांगेन."

निखिलने वॉटर पार्क सुचवलं. पप्पांना परत तहान लागली. "लग्नाआधी दोघंच? आणि पाण्यात?" मग व्हायचं तेच झालं. दोघांच्या ऐवजी सगळेच जायचं ठरलं. आमच्याकडून चौघं, त्यांच्याकडून निखिल आणि तात्या. निखिलच्या आईचे गुडघे दुखतात म्हणून ती मनमाडलाच राहणार होती. देवाची कृपाच म्हणायची. आधीच मनमाडला जेवढं कळलं तेवढं पुरे झालं.

आदल्या दिवशी ताईने मला बाजूला घेतलं. "ओम्या, एक काम कर. उद्या मी स्वतः सांगेपर्यंत कुणी काही ठरवून टाकायचं नाही. आई-पप्पांचा भरवसा नाही. तुझ्यावर सोडते."

"तू निवांत जा," मी छाती फुगवून म्हटलं. "मी आहे ना!"

मग सुरू झाली बांधाबांध. मी पार्कच्या वेबसाइटवरची यादी मोठ्याने वाचून दाखवली. नायलॉनचे कपडे, टॉवेल, टोपी, सनस्क्रीन, ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी. दागिने नकोत. बाहेरचं खाणं नको.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ताईसाठी काठपदराची साडी काढली.

"आई, ती स्लाइडवर जाणार आहे!"

"जायचंय कशाला स्लाइडवर? बाजूला उभं राहायचं."

"पाण्यात साडी चालत नाही. नायलॉन लागतं."

"ही पण काय कॉटनची नाहीये."

पप्पांनी सफारी इस्त्रीला टाकली आणि काळे बूट पॉलिश केले. "मुलाकडची माणसं असणार. त्यांच्यासमोर काय स्लीपर घालून फिरू?" आईने तीस मेथीचे पराठे केले, ठेचा केला, आणि एका पुडीत हळद बांधून घेतली. कुणाला खरचटलं तर. मी म्हटलं, बँडेड असतात गं तिथे. ती म्हणाली, "हळद ती हळद." तर्क संपला की आमच्या घरात वाक्य असं डबल होतं.

मी मात्र यादीप्रमाणे बॅग भरत होतो. निघायच्या दहा मिनिटं आधी लक्षात आलं, टॉवेल आणि टोप्या राहिल्या! बाथरूममधले टॉवेल लोकांना दाखवण्यासारखे नव्हते. आईच्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा उघडला, आणि काय सांगू! कोऱ्या टॉवेलांची चळत, आणि शेजारी कोऱ्या, पांढऱ्या, घडीच्या टोप्या. यादीत काय लिहिलंय? टॉवेल, टोपी. कप्प्यात काय आहे? टॉवेल, टोपी. मला वाटलं, आईने एकदा तरी वेबसाइट वाचली. दोन टॉवेल आणि दोन टोप्या उचलल्या आणि बॅगेत कोंबल्या.

ज्यांच्या घरात असा कप्पा आहे त्यांना आत्ताच घाम फुटला असेल. मला नाही फुटला. मी लग्नात जेवायला जातो. स्टेजवर कोण कुणाला काय देतंय ते मी आजवर बघितलेलं नाही.

पार्क घोटीच्या पुढे आहे. कुठलं ते सांगत नाही, कारण मला परत आत घेतील की नाही याची खात्री नाही. गेटवरच पराठे पकडले गेले. "बाहेरचं खाणं चालत नाही, मॅडम." आईने तिथल्या माणसाला पराठा आणि बाहेरचं खाणं यातला फरक समजावायला घेतला. ती जी तिथे उभी राहिली ती राहिलीच.

तात्या आणि निखिल आले. तात्या पांढरा शर्ट, पायजमा, डोक्यावर पांढरी टोपी. मला वाटलं होतं हे पप्पांसारखे खुर्ची धरून बसतील. कसलं काय! सरळ काउंटरवर गेले, भाड्याचे कपडे घेतले, आपले कपडे, टोपी सगळं लॉकरमध्ये टाकलं, आणि बाहेर आले ते लालभडक टी-शर्ट आणि चड्डीत, पाठीवर उडी मारणारा डॉल्फिन. गळ्यात मोबाइल, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

"चल रे पोरा, येतो का पाण्यात?"

"नाही तात्या, बॅगा कोण सांभाळणार?"

खोटं! साफ खोटं. मला उंचीची भीती वाटते. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मला खाली बघवत नाही. म्हणूनच मी जीन्स घालून आलो होतो. तिथल्या स्लाइड मी बाहेरूनच बघितल्या. एक निळा टॉवर होता, इमारतीएवढा, आणि वरून माणसं किंचाळत खाली पडत होती. पैसे देऊन!

ताई आणि निखिल भाड्याचे नायलॉनचे कपडे घालून, बोलत बोलत त्याच टॉवरच्या रांगेकडे गेले. मी छत्रीखाली पहाऱ्याला बसलो. शेजारच्या आडव्या खुर्चीत पप्पा सफारी-बुटांसकट झोपले, तोंड उघडं. आई गेटवर. म्हटलं, काम फत्ते! दोन्ही पार्ट्या निकामी आहेत. आता ताईच्या मर्जीशिवाय पान हलत नाही.

दुपारी तात्या पाण्यातून बाहेर आले. कुडकुडत होते, कपाळाला खरचटलं होतं. कुणाचं तरी कोपर लागलं म्हणे. छत्रीबाहेरच्या पायरीवर बसले.

माझ्या मनात माणुसकी जागी झाली. नको तेव्हा जागी होते ती.

आधी आईची पुडी काढली, बोटावर हळद घेतली आणि तात्यांच्या कपाळावर लावली. थोडं रक्त होतं, थोडी हळद, मिळून छान लाल झालं. तात्या माझ्याकडे बघत होते.

"थंडी वाजतेय ना?" मी कोरा टॉवेल काढला, घडी मोडली आणि त्यांच्या खांद्यावर घातला.

तात्यांचा हात डोक्याकडे गेला. टक्कल उन्हाने तांबूस झालं होतं. "टोपी लॉकरात राह्यली. डोस्कं कसं उघडं वाटतंय."

"अहो, आहे ना माझ्याकडे!" मी कोरी टोपी काढली, फुंकर मारून उघडली आणि स्वतःच्या हाताने त्यांना घातली.

तात्या ताठ बसले. एकदम ताठ. मला वाटलं ऊन कमी लागतंय म्हणून बरं वाटलं असेल. मग मी समोरच्या स्टॉलवरून शहाळं आणलं. उन्हात पाणी कमी होतं ना अंगातलं. शहाळं जड, म्हणून दोन्ही हातांनी धरलं. तात्या खालच्या पायरीवर, म्हणून वाकून दिलं. आणि तेवढ्यात त्यातली स्ट्रॉ पडली. कुठे? तात्यांच्या पायांपाशी. मी ती उचलायला वाकलो.

माझ्या डोक्यावर हात आला. "सुखी राहा, पोरा."

मी स्ट्रॉ घेऊन वर बघतो तर तात्यांच्या डोळ्यात पाणी! मी म्हटलं, अरे बापरे, हळद डोळ्यात गेली.

तात्यांनी गळ्यातला मोबाइल काढला आणि मनमाडला बायकोला लावला. "हां, ऐकती का? ठरलं! ... अगं, पोरीच्या भावानं मान दिला. टिळा लावला, टावेल, टोपी, नारळ, समदं. पाया पडला. चड्डीत बसलोय मी, काय सांगू तुला! ... हां, समद्यांना सांग."

माझ्या हातातून स्ट्रॉ परत पडली. यावेळी उचलायला वाकायची हिंमत झाली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्न ठरलं की मुलीकडचा माणूस चारचौघांत मुलाच्या वडलांना टिळा लावतो, खांद्यावर कोरा टॉवेल टाकतो, डोक्यावर कोरी टोपी घालतो आणि हातात नारळ देतो. हा मान. तो दिला आणि घेतला, की ठरलं. कागद नाही, सही नाही, पण त्यानंतर मागे फिरायचं म्हणजे दोन्ही घरांचं बोलणं जन्मभर बंद. आईच्या वरच्या कप्प्यात ती चळत त्यासाठीच असते. आणि तो मान मी दिला होता. मी! ज्याच्यावर ताईने सोडलं होतं!

माझं तोंड कोरडं पडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला पप्पांची तहान कळली.

"तात्या," मी म्हटलं, "ते... ऊन होतं म्हणून..."

"भर उन्हात दिलास, म्हणून तर लय भारी वाटलं!"

तेवढ्यात आई आली. तिने तात्यांना बघितलं. टिळा, टॉवेल, टोपी, दोन्ही हातात शहाळं. ती जागच्या जागी थांबली, मग पप्पांच्या खुर्चीला लाथ मारली. "मला न विचारता मान दिलात? पाच मिनिटं दम निघाला नाही?"

पप्पा दचकून उठले, तात्यांकडे बघितलं, आणि आईला म्हणाले, "मी झोपलेलो असताना उरकलंस? मी बाप आहे मुलीचा!"

"मी नाही दिला!"

"मग मी दिला का झोपेत?"

"तुमच्या पोरानं दिला," तात्या म्हणाले. "इंजिनेर पोरगा, पन रीत कळती!"

दोघंही माझ्याकडे वळले. मला वाटलं आता चप्पल. पण पप्पा आले, आणि मी कॉलेज सोडल्यापासून सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "शेवटी एक काम धड केलंस."

सांगा, आता काय बोलणार? सव्वा वर्ष मी या वाक्याची वाट बघितली असेल, कुणाला सांगत नाही. आणि मिळालं ते यावर!

आई घोटीच्या मामाला फोन लावत होती. पप्पा लाइफगार्डला विचारत होते, इथे पेढे कुठे मिळतात. आणि मग आई म्हणाली, "चला, पोरांना सांगू! कुठे आहेत ती?"

तात्यांनी निळ्या टॉवरकडे बोट केलं.

मी पळालो. ताईला हे त्यांच्या तोंडून कळायच्या आत माझ्या तोंडून कळायला हवं होतं. फोन करावा, तर तिचा फोन लॉकरमध्ये. टॉवरच्या पायऱ्यांशी पोहोचलो तर तिथल्या माणसाने हात आडवा केला.

"जीन्स चालत नाही. नायलॉन."

"मी स्लाइडवर बसणार नाही, नुसता निरोप द्यायचाय."

"निरोपाला पण नायलॉन."

काउंटरवर गेलो. मोठ्यांचे साइज संपले होते. राहिली होती एक जांभळी चड्डी, त्यावर पिवळी बदकं, बहुतेक दहा-अकरा वर्षांच्या मुलाची. माझ्या मागे आई, पप्पा आणि डॉल्फिनवाले तात्या मिरवणुकीसारखे टॉवरकडे निघालेले दिसत होते. घातली चड्डी! श्वास घेतला तर फाटेल अशी भीती, आणि चढायच्या तर पायऱ्याच पायऱ्या.

त्या पायऱ्या जाळीच्या होत्या. म्हणजे पाय ठेवला की खालचं सगळं दिसतं. पहिल्या वळणावर माणसं लहान झाली, दुसऱ्या वळणावर झाडं लहान झाली, तिसऱ्या वळणावर मी डोळे मिटले आणि कठडा चाचपत चढू लागलो.

"ए, लाइनीत ये!"

"अर्जंट आहे हो!"

"खाली घाई करायची ना मग, वर काय संडास आहे का?"

सगळ्या टॉवरवर हशा. मी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने चड्डी, आणि चढत राहिलो. वर पोहोचलो तेव्हा ताई आणि निखिल ट्यूबमध्ये बसायच्या बेतात होते. ताई हसत होती. मला बघून थांबली.

"ओम्या? तू इथे? आणि हे काय घातलंयस?"

"ताई, तुझं लग्न ठरलं."

"काय?"

"मी ठरवलं. चुकून. तात्यांना टोपी घातली."

"टोपी?" निखिलचा चेहरा उतरला. "कोरी?"

"कोरी."

"टॉवेल?"

"तो पण."

"नारळ तरी नाही ना दिलास?"

"शहाळं दिलं."

निखिल कठड्याला टेकला. "संपलं मग. तात्यांनी एव्हाना अर्ध्या मनमाडला सांगितलं असेल. अरे, मी पण अजून विचार करतोय! मला पण कुणी विचारलेलं नाहीये."

ताई ट्यूब सोडून माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "तुला एकच काम सांगितलं होतं."

"ताई, मी..."

"खाली जा. टोपी परत घेऊन ये."

तुम्हाला कळतंय का ती काय म्हणाली? मुलाच्या बापाच्या डोक्यावरची टोपी उतरवायची! सगळ्या पार्कसमोर! त्यापेक्षा याच टॉवरवर कायमचं राहणं सोपं होतं. मी मागे वळलो, तर रांगेने जिना गच्च भरलेला.

"उतरता येत नाही," वरचा माणूस म्हणाला. "खाली जायचं तर इथूनच." आणि त्याने स्लाइडच्या भोकाकडे बोट दाखवलं.

मी काहीतरी म्हणालो. मला वाटतं 'आई' म्हणालो. इंजिनिअरिंग सोडताना ज्या आईचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, तिचंच नाव घेतलं. मग पाठीवर एक हात बसला आणि जग गेलं. अंधार, पाणी, नाकात पाणी, एक वळण, पोट मागे राहिलं, दुसरं वळण, पोट पुढे निघून गेलं. मी किंचाळत नव्हतो. किंचाळायला श्वास लागतो.

बाहेर पडलो तो थेट हौदात, आणि डोळे उघडले तर काठावर तिघं उभे! आई, पप्पा, आणि मधे टोपी घातलेले तात्या. चड्डी कशीबशी धरून मी उभा राहिलो. माझ्या मागून धप्पकन ट्यूब आली, त्यात ताई आणि निखिल.

"या, या!" पप्पा ओरडले. "तोंड गोड करा! पेढे नाही मिळाले, कुल्फी आणलीय!"

मी तात्यांसमोर गेलो. हात वर केला. टोपीपर्यंत पोहोचला नाही. मधेच लटकला. मी, जो घरात सगळ्यांना तोंडावर बोलतो, पप्पांना, आईला, घोटीच्या मामाला, त्या म्हाताऱ्या माणसासमोर मला घाम फुटला होता, ओल्या अंगावर!

मग सगळं एकदम बाहेर आलं.

"तात्या, चूक झाली. तो मान नव्हता. टोपी उन्हासाठी होती, टॉवेल थंडीसाठी, हळद जखमेला, शहाळं तहानेला, आणि मी पाया पडलो नाही, स्ट्रॉ उचलत होतो. ताईने अजून काही ठरवलेलं नाही. आणि मी इंजिनिअर पण नाही, मी कॉलेज सोडलंय!"

शेवटचं कुणीही विचारलं नव्हतं. पण भीती सुरू झाली की मी थांबत नाही.

पप्पांच्या हातातली कुल्फी वितळायला लागली. आई म्हणाली, "अरे देवा." रांगेतली, हौदातली, काठावरची, सगळी माणसं आमच्याकडे बघत होती.

तात्यांनी डोक्यावरची टोपी चाचपली. मग म्हणाले, "कॉलेजचं आमाला मनमाडलाच कळलं होतं. चौकशी केल्याबिगर येतो का आमी? तुज्या वडलांचं मन राखलं." पप्पांनी कुल्फीला तोंड लावलं. प्यायला दुसरं काही नव्हतं.

मग तात्या मला बाजूला सारून हौदाच्या काठाशी गेले. लाल चड्डी, पाठीवर डॉल्फिन, खांद्यावर माझा टॉवेल. वाकून ताईला म्हणाले, मोठ्याने, रुळांवर हाळी देतात तसं, "पोरी, तूच सांग. माजा पोरगा आवडला का तुला? नसंल आवडला तरी सांग. मी वाईट वाटून घ्यायचो नाय."

सगळा हौद जवळ सरकला. लाइफगार्डने शिट्टी तोंडातून काढली.

ताई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. केस चेहऱ्याला चिकटलेले. ती म्हणाली, "आवडला, तात्या. पण लग्नाचं आज नाही सांगणार. अजून दोन-चारदा भेटायचंय."

"आन् तुला रे?" तात्यांनी निखिलला विचारलं.

"मला पण. म्हणजे आवडली. आणि भेटायचंय."

"मंग भेटा की. तुमाला धरलंय कुणी?" त्यांनी मोबाइल काढला. "हां, ऐकती का? ठरलं नाय. ... नाय म्हंजे नाय अजून. ... कुणाकुणाला सांगितलंस? ... समद्यांना? मंग समद्यांना परत सांग." फोनमधून बराच वेळ आवाज येत राहिला. तात्यांनी तो कानापासून लांब धरला.

मग त्यांनी स्वतःच टोपी काढली, घडी घातली, टॉवेलाचीही नीट घडी घातली, आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. माझ्या जांभळ्या चड्डीकडे, त्यावरच्या बदकांकडे एकदा बघितलं. "ठरंल तवा परत दे. आन् तवा पँट घालून ये."

आम्ही परत निघालो. पप्पांच्या बुटांतून पाणी येत होतं, ते कुठून आलं हे त्यांनाही माहीत नव्हतं. आईच्या मांडीवर तीस पराठे. घोटीला चहाला थांबलो तेव्हा आई-पप्पा उतरले आणि गाडीत मी आणि ताई राहिलो.

"ताई, सॉरी."

"हं." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "एक सांग मला. पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलंस. आईला विचारलंस, पप्पांना विचारलंस, मामाला फोन करून विचारलंस, 'ताईला विचारलं का?' हो ना?"

"मग! कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

"मग मला कधी विचारलंस? एकदा तरी? वर टॉवरवर सुद्धा, समोर उभी होते मी. 'तुझं लग्न ठरलं' म्हणालास. 'तुला मुलगा कसा वाटला', हे नाही म्हणालास."

  मला प्रचंड तहान लागली.

"बरं, आता विचारतो," मी शेवटी म्हटलं. "कसा वाटला?"

"आता कशाला?" ताई म्हणाली. "तुझ्या आधी अख्ख्या हौदाला कळलंय."